पंच क्रमांक दोन

‘अपराधशास्त्र शिकून पुढे काय?’ हा माझ्या व्याख्यानाचा विषय होता आणि खरं सांगायचं तर त्याचं उत्तर मलाही नीटसं ठाऊक नव्हतं. शहापूरच्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये सत्तरेक मुलंमुली बसली होती, निम्मी हजेरीसाठी आणि निम्मी प्राचार्यांच्या धाकाने. मी नेहमीची यादी म्हणून दाखवली. तुरुंगाधिकारी होता येतं. परिविक्षा अधिकारी होता येतं, म्हणजे कोर्टाने सुधारायची संधी देऊन सोडलेल्या माणसावर लक्ष ठेवणारा अधिकारी. बालगृहात समुपदेशक, प्रयोगशाळेत ठसेतज्ज्ञ, पुढे कायदा केलात तर सरकारी वकील. मी स्वतः परिविक्षा अधिकारी म्हणून निवडली गेले होते, नेमणुकीचं पत्र तेवढं यायचं होतं, आणि तेवढ्या पुण्याईवर मला ठाण्याहून पाहुणी म्हणून बोलावलं होतं. पुढच्या बाकावरची भाविका नावाची मुलगी उठून म्हणाली, "मॅडम, पुस्तकातलं जाऊ दे. तुमी स्वतः कधी काय बघितलंय का?" हा प्रश्न दर वेळी येतो. मी त्याची वाटच बघत असते. मग मी कोयत्याची गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी, मुरबाड तालुक्यात धसईच्या पुढे एका खुनाच्या गुन्ह्यात आरोपीने कोयता लपवल्याची जागा दाखवायचं कबूल केलं आणि पोलीस त्याला घेऊन डोंगराकडे निघाले. मी पंच होते. पंच म्हणजे पोलिसांचा नाही आणि आरोपीचाही नाही असा बाहेरचा माणूस. त्याने सोबत चालत जायचं आणि काय सापडतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. ते बघणं हाच पुरावा. झऱ्याच्या वर दगडांची रास होती, आरोपी अनवाणी पुढे झाला, गुडघ्यांवर बसला आणि त्याने दोन दगडांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला. "आणि हात बाहेर काढायच्या आधी," मी आवाज खाली आणला, "त्याने वळून माझ्याकडे बघितलं." नेमका त्याच वेळी हॉलच्या दारात एक हवालदार येऊन उभा राहिला. मुलांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

हवालदार बिचारा लाजला. "घरी गेलतो किन्हवलीला, तुमच्या बाबांनी हितं पाठवलं," तो म्हणाला आणि त्याने रजिस्टर पुढे केलं. "समन्स हाय. कोयत्याची केस उभी राहिली ना आता. तुमी पंच नंबर दोन." मी सही केली. टाळ्या अजून कानात असल्यामुळे मला जरा ऐटच वाटली. तो पुढे म्हणाला, "पंच नंबर एक रघूशेठ झेरॉक्सवाले वारले शिमग्याला. आता सगली केस तुमच्यावरच हाय." जाताना त्याने मला सलाम केला. आयुष्यात पहिल्यांदा कुणा पोलिसाने मला सलाम केला होता.

किन्हवलीच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. पिशवीत माझा जुना क्षेत्रअहवाल होता, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा, विद्यापीठात पहिला आलेला. व्याख्यानाला मी तो मिरवायला नेतेच. त्याच्या मागे पंचनाम्याची प्रत जोडलेली आहे. कोर्टात काय काय विचारतील याची तयारी म्हणून मी मनातल्या मनात सुरुवातीपासून सुरुवात केली. चौकीवरून जीप निघाली. जीपमध्ये मागे आरोपी, डोक्यावर काळं कापड. डांबरी संपली तिथे एक दुकान. मग झरा. मी थांबले. दुकान, मग झरा. मधला रस्ता आठवेना. झऱ्यापर्यंत चढ असणार, पंचनाम्यात ‘रस्त्यापासून सुमारे दीड किलोमीटर पायवाटेने’ असं स्पष्ट लिहिलं आहे, आणि मे महिन्याच्या भर दुपारी दीड किलोमीटर चढल्याची घामाची, तहानेची, काट्याची एकही खूण माझ्याजवळ नव्हती. झरा मात्र लख्ख होता. फटीच्या वरच्या दगडावरचं वाळलेलं शेवाळ दिसत होतं, त्या माणसाच्या पाठीचे मणके दिसत होते. मी पुन्हा दुकानापासून निघाले आणि पुन्हा एकदम झऱ्यावर उभी राहिले. एसटी शेणव्याच्या पुढे हेलकावे खात चालली होती, शेजारची बाई मला म्हणाली, "बाय, बरं नाय का वाटत?"

मग मी फोनमधले फोटो उघडले. त्या तारखेचा एकच फोटो होता. दुकानातल्या तराजूच्या पारड्यात बसलेली एक कोंबडी. खाली वेळ, बारा वाजून चाळीस मिनिटं. पंचनामा बारा दहाला सुरू झाला होता आणि एक वाजून पाच मिनिटांनी संपला होता.

तेव्हा मला चप्पल आठवली. माझ्या चपलेचा अंगठा जीपमधून उतरतानाच तुटला होता. उपनिरीक्षक साहेब हसून म्हणाले होते, "मॅडम, तुम्ही बसा सावलीत, आम्ही आलोच." त्या चौकीचं नाव मी इथे घेणार नाही, तसल्या चौक्या काही एकच नसतात. प्रशिक्षणासाठी आम्हा विद्यार्थ्यांना कुठे ना कुठे पाठवत, मला गावाजवळ म्हणून तिथे पाठवलं होतं. तीन आठवडे मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून चहा पीत होते आणि वहीत ‘निरीक्षणे’ लिहीत होते. म्हणून जेव्हा साहेबांनी विचारलं, "पंच व्हाल का? शिकायला मिळेल," तेव्हा मला आकाश ठेंगणं झालं. दुसरे पंच रघूशेठ. चौकीसमोर त्यांचं झेरॉक्सचं दुकान. हाकेच्या अंतरावर असल्यामुळे ते बहुतेक सगळ्याच गुन्ह्यांत पंच असत. ते जीपमधून उतरलेच नाहीत, सीटवर आडवे झाले. तासाभराने माणसं खाली आली, तेव्हा कोयता खाकी कागदात बांधून झाला होता, दोऱ्यावर लाखेचं सील होतं. बॉनेटवर कागद ठेवले. मी जरा घुटमळले तर रघूशेठ आपली सही ठोकून म्हणाले, "कर गो पोरी. सगलेच करतात. आपले पोलीस काय खोटं बोलतात काय?" मी सही केली. लेबलावर केली, प्रत्येक पानावर केली, आणि सही छान आली म्हणून खूश झाले.

इतकी साधी गोष्ट आणि ती मी विसरले होते. विसरले म्हणजे लपवली नव्हती, हे कुणी समजून घेईल का मला माहीत नाही. अहवाल लिहायला बसले तेव्हा ‘पंचनाम्यावर सही केली’ एवढ्यात पान भरेना. आमच्या सरांना ‘प्रत्यक्षदर्शी निवेदन’ हवं होतं. मी पंचनामा पुढे ठेवला आणि त्यातली वाक्यं जरा जिवंत केली. ‘आरोपीने स्वखुशीने पुढे चालत जाऊन’ याचे मी अनवाणी पाय केले. ‘दगडाच्या कपारीतून काढून दिला’ याचा मी खांद्यापर्यंत गेलेला हात केला. वळून बघणं तर मी शुद्ध हौसेने घातलं. कागदात ते कुठेच नाही. सरांनी तो परिच्छेद वर्गात वाचून दाखवला. मग मी तो मैत्रिणींना सांगितला, मुलाखतीच्या मंडळाला सांगितला, अशा हॉलांतून सांगितला. प्रत्येक वेळी तिथे थोडंसं आणखी काही दिसायचं. साक्षीदाराची आठवण कशी भरत जाते, ऐकलेलं कसं बघितलेलं होऊन बसतं, यावर मी परीक्षेत सोळा गुणांचा प्रश्न सोडवला आहे. तो सोडवताना मला एकदाही शंका आली नाही.

आणि सगळ्यांत वाईट ते पुढेच होतं. एसटीत डोळे मिटून मी ते चित्र तपासत बसले, खोटं म्हणून एकदा निकालात काढावं म्हणून, तेव्हा लक्षात आलं की त्यात मला फक्त दिसत नाही, लागतंही आहे. दगडांच्या फटीतला गारवा. मनगटाच्या आतल्या बाजूला घासणारी कड. मग ओलसर लाकडी मूठ, तिच्यावर एक बोटभर रुंद दोरी गुंडाळलेली. हे बघणाऱ्याला कळणार नाही. हे फक्त त्या हाताला कळेल ज्याने फटीत कोयता ठेवला. मी डोळे उघडले. माझा उजवा हात मांडीवर मुठीत वळलेला होता, काहीतरी धरल्यासारखा. मी तो सोडवला, खिडकीच्या गजावर ठेवला. गज उन्हाने तापलेला होता, तरी बोटं गारच राहिली.

घरी बाबा समन्स उलगडून बसले होते; हवालदाराने त्यांनाही एक प्रत दिली होती म्हणे. बाबा शाळेत शिपाई होते. कोर्टाचा शिक्का असलेला कागद आपल्या घरात आरोपी म्हणून नाही तर साक्षीदार म्हणून आला, याचं त्यांना केवढं अप्रूप. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर त्यांनी मग तो जपून ठेवला. "बघितलंस ना? मंग सांग जाऊन. भ्यायाचं कशाला?" ते म्हणाले. मी ताटावर बसून भाकरी मोडत होते. म्हटलं, "बाबा, सही केली होती. बघितलं नव्हतं." ते उठले, आपलं ताट मोरीत नेऊन घासू लागले. पाठमोरे असतानाच म्हणाले, "तीस वर्सं शालेत मस्टर मी सांभाललं. मास्तर लोक उद्याची सही आज करून जायाचे. मना दिसायचं. मी बोललो नाय कवा." आणि मग बराच वेळ ते तेच एक ताट घासत राहिले. मला वाटलं होतं ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

दोन दिवसांनी चौकीवरच्या त्या उपनिरीक्षक साहेबांचा फोन आला. ते आता बढती मिळून दुसरीकडे गेले होते, पण आवाज तसाच, चहा विचारल्यासारखा. "मॅडम, अभिनंदन! अधिकारी झालात. चारित्र्य पडताळणी आमच्याच लोकांकडे येईल ना? होऊन जाईल, काळजी नको." मी थँक्यू म्हटलं. "आणि ते कोर्टाचं. एकदा पंचनामा वाचून जा म्हणजे आठवेल सगळं." मी म्हटलं, "सर, मी खाली दुकानात बसले होते." ते अगदी मनापासून म्हणाले, "काय बोलताय? तुम्ही होता की आमच्याबरोबर. मला चांगलं आठवतंय, तुम्ही आरोपीच्या मागेच उभ्या होतात." ते दमदाटी करत असते तर मी चिडले असते. पण त्या आवाजात खोटेपणा नव्हता. त्यांना खरंच आठवत होतं. फोन ठेवल्यावर मी ठाण्याच्या माझ्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिले, आणि मला स्वच्छ भीती वाटली. मी ‘बघितलं’ म्हटलं तर बारकू नावाच्या माणसाला जन्मठेप होणार होती, कारण त्या कोयत्याखेरीज त्याच्याविरुद्ध काही नव्हतं. मी ‘बघितलं नाही’ म्हटलं तर खोटी सही केल्याचं मीच कबूल करणार होते. मग कसली नेमणूक आणि कसलं चारित्र्य. आणि त्याने खरंच दामूला मारलं असेल तर? फार्महाऊसवरच्या राखणदाराचं, दामूचं, अर्धं उघडं शरीर मी चौकीतल्या फोटोंत बघितलं होतं. ते तरी नक्की बघितलं होतं.

रविवारी मी धसईची गाडी धरली. पौष पौर्णिमेचे दिवस, सगळी गर्दी म्हसा गावच्या जत्रेकडे चाललेली, आमची एसटी जवळपास रिकामी. दुकान तिथेच होतं. दुकानदार धोंडाबाई वजन करता करता माझ्याकडे बघून म्हणाली, "तू ती चपलेवाली ना? तुझा अंगठा मी सुतलीनं बांधला व्हता." माझ्या जिवात जीव आला. "मावशी, मी वर गेले होते का हो तेव्हा?" "कुठं जातेस? हितंच बसलीवतीस पिपावर. माझ्या कोंबडीचा फोटो काढलास. पोलीस खाली आले तवा तू गोली सोडा पीत व्हतीस." मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्याकडून उगाचच अर्धा किलो गूळ घेतला. आता परतीची गाडी धरून घरी जायला हरकत नव्हती. पण दुकानाच्या ओट्यावर एक बाई बसली होती, ती उठली. धोंडाबाई म्हणाली, "ही सोमी. बारकूची बाईल." सोमीने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि एवढंच म्हणाली, "झरा बगायाचा हाय का? चल. मना तिकडूनच जायाचं हाय."

मला नाही म्हणता आलं नाही. ती पुढे, मी मागे. अकरा वाजले असतील, स्वच्छ ऊन होतं, घाबरण्यासारखं काहीही नव्हतं. भात झोडून झालेल्या खाचरांच्या बांधावरून वाट वर झाडीत शिरत होती. थोडं चढल्यावर दोन वाटा फुटल्या. सोमी पदर सोडवायला करवंदीपाशी थांबली आणि मी तिच्या पुढे झाले, डावीकडे वळले. वळल्यावर वाटलं, आता उंबर लागेल. उंबर लागला. झऱ्याकाठी उंबर असायचाच, असं मी स्वतःला समजावलं, पण पंचनाम्यात उंबर नाही, माझ्या अहवालात नाही, मी तो कधी कुणाला सांगितलाही नाही. पाय भराभर चालत होते. एका ठिकाणी मी विचार न करता खाली वाकले आणि त्यानंतर डोक्यावरून वेलाची जाड फांदी गेली. मागून सोमीचा आवाज आला, "तू पयले आलीवस हितं?"

"नाही."

"मंग पायाला कसं ठाव तुझ्या?"

झरा समोर होता. दगडांची रास तितकीच उंच, वरच्या दगडावर शेवाळ, थंडीचे दिवस म्हणून हिरवं. मी गुडघ्यांवर बसले. ओढणी बाजूला केली आणि फटीत हात घातला. कड मनगटाला आतल्या बाजूने घासली, जिथे घासायची तिथेच. गारवा तोच होता. मी स्वतःला म्हणत होते, जानेवारीत कुठलाही दगड गारच लागणार, आणि मे महिन्याच्या दुपारी तो गार लागूच शकत नाही, म्हणजे तुझी आठवण खोटी आहे, मूर्ख मुली, हात काढ. हात निघेना. अडकला नव्हता, मला तो काढावासा वाटत नव्हता. बोटं आत काहीतरी शोधत होती. पाचोळा होता, एक गोगलगायीचं कवच होतं, आणि त्यांच्यामध्ये हातभर लांबीची एक रिकामी जागा होती, नेमका कोयता मावेल इतकी. मग सोमीने माझा दंड धरला आणि मला मागे ओढलं.

आम्ही उंबराच्या मुळांवर बसलो. मी विचारलं, "बारकू काय म्हणतो?" ती गुळाचा खडा तोंडात घोळवत होती. "पयले म्हनायचा, मी नाय केला. खून झाला त्या दिशी तो म्हशाच्या पावन्यांकडं गेलता, मना ठाव. वकील बी तसाच सांगतो. पन दर तारखेला कागद वाचतात त्याच्या म्होरं. बारकू गेला, बारकू वाकला, बारकूनं काढला. आता मुलाकतीला गेली का मनाच सांगतो, झऱ्यावर दगूड हलवायला लय जड गेला गो सोमे." तिने माझ्याकडे बघितलं. "जड गेला म्हनतो. मी इचारते, तू गेलतास का? तं गप बसतो. बाय, तू शिकलेली हायस. मानसाला कागूद चढतो का?"

चढतो, असं मी म्हणायला हवं होतं. या विषयावर आमच्या अभ्यासाच्या पुस्तकात एक अख्खं प्रकरण आहे. मी तिचा हात धरला आणि रडले, तिच्यासाठी की स्वतःसाठी कोण जाणे. ती मात्र रडली नाही. तिने मला पाणी पाजलं, वाटेला लावलं. उतरताना मी ठरवलं. नेमणूक गेली तर जाऊ दे. मला जे दिसतं ते मी सांगणार नाही, मी जिथे होते ते सांगणार. साधं वाक्य होतं. एसटीत बसून मी ते शंभरदा घोकलं.

कल्याणच्या कोर्टात मला पिंजऱ्यात उभं केलं तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. न्यायाधीश बाई होत्या, वयाने माझ्या आईएवढ्या, सर्दीने बेजार. सरकारी वकिलांनी नाव, शिक्षण, धंदा विचारला. "अपराधशास्त्रात एम.ए., सुवर्णपदक," त्यांनी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. आरोपी ओळखायला सांगितलं. मागच्या बाकावर पोलिसांच्या मधून एक माणूस उठला. ठेंगणा, पिकलेले केस, कानात बाळी. माझ्या आठवणीतल्या माणसाचा चेहरा तीन वर्षं मला पाठ होता, लांबट, गालफडं बसलेली. त्याचा आणि याचा कसलाही संबंध नव्हता. काळ्या कापडाखाली हा चेहरा होता, आणि मी तो आज पहिल्यांदा बघत होते. माझ्यात कुठूनसं बळ आलं.

"मी ओळखत नाही," मी म्हटलं. "मी झऱ्यापर्यंत गेले नाही. मी रस्त्यावरच्या दुकानात होते. परत आल्यावर सही केली."

सरकारी वकिलांचा चेहरा उतरला. त्यांनी मला फितूर ठरवून उलट प्रश्न विचारायची परवानगी मागितली, ती मिळाली. मग त्यांनी विद्यापीठातून मागवलेला माझाच अहवाल काढला आणि माझाच परिच्छेद सावकाश वाचला, अनवाण्या पायांपासून. वाचताना त्यांचा आवाज चांगला लागला होता. सगळं कोर्ट ऐकत होतं. मला पुन्हा झरा दिसू लागला, लाकडी कठड्यावरच्या माझ्या बोटांना मूठ लागू लागली. "हे तुमचंच लिखाण ना? बघितल्याशिवाय इतकं लिहिता येतं?" मी म्हटलं, "येतं." न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही शपथेवर आहात. नीट आठवून सांगा. आज तुम्हाला काय आठवतं?"

"सगळं आठवतं, मॅडम. पण मी तिथे नव्हते."

टायपिस्टचे हात थांबले. हे कसं नोंदवायचं, अशा नजरेने त्याने बाईंकडे बघितलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "व्हती ना!" बारकू उभाच होता. रागाने नाही, अगदी मायेने बोलत होता, घरची वस्तू कुठे ठेवली ते विसरलेल्या पोरीशी बोलावं तसा. "व्हतीस ना गो. माझ्या मागंच व्हतीस. घाबरू नको, सांग." त्याच्या वकिलांनी झटकन त्याचा खांदा दाबला. पोलीस हसले. बाईंनी टेबलावर पेन आपटलं. "आरोपीचं काही लिहून घ्यायचं नाही. साक्षीदार, शेवटचं विचारते. तुम्ही तिथे होता की नव्हता?"

तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, हो म्हण, हो म्हण. आणि मला कळलं, की मी हो म्हटलं तर या माणसाला बरं वाटेल. तीन वर्षं तो त्या झऱ्यावर एकटाच होता.

"नव्हते," मी म्हटलं.

त्याची मान हलायची थांबली. त्याने आपले दोन्ही हात वर करून बघितले, तळवे, मग मागची बाजू. मग त्याने आधी वकिलांकडे बघितलं, पोलिसांकडे बघितलं, आणि शेवटी माझ्याकडे. "ही नव्हती," तो हळू म्हणाला, "मंग मी तरी व्हतो का तिथं?"

वकील त्याला गप्प बस म्हणून दटावत होते. तो गप्पच होता, माझ्या उत्तराची वाट बघत.